रेडिएटर नवा, पंप नवा, तरी काटा लालात कसा जातोय?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडं २०१२ ची डिझेल सात सीटर आहे. महिन्याभरापूर्वी खालून पाणी गळायला लागलं म्हणून गॅरेजला लावली, त्यांनी रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही नवीन घातले, कूलंट पण नवीन. गावात फिरवली तर काय होत नाही, पण गेल्या रविवारी वैभववाडीस्नं परत येताना करूळ घाटात निम्म्यावरच टेंपरेचरचा काटा लालाला टेकला. बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली काठोकाठ भरून सांडालती. मिसेस म्हणाली हीटर लावा, इंजिन गार होतं, तर हीटरमधनं गार वारं! तासाभरानं झाकण उघडलं तर रेडिएटरात पाणी खाली गेलेलं आणि बाटली तशीच भरलेली. आता गॅरेजवाला म्हणतोय गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायला लागतंय. काय करू?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : हेड आत्ताच उतरवू देऊ नका राव. गॅस्केट गेलंच नसेल असं मी म्हणत नाही, पण त्याच्या आधी फुकटात बघण्यासारखं बरंच आहे आणि तुमच्या मिसेसनी त्यातलं निम्मं निदान करूनच ठेवलंय.

इंजिन तापलेलं असताना हीटर गार वारा टाकतोय म्हणजे हीटरच्या पाइपात गरम पाणी पोचतच नाही. सिस्टीममध्ये एअर धरलीय. रेडिएटर आणि पंप काढला की सगळं पाणी रिकामं होतं, मग घाईत वरनं कूलंट ओतलं, झाकण लावलं, गाडी दिली, की हवा आत कुठंतरी उंचावर अडकून बसते. गावात दहा मिनिटं फिरताना ते कळत नाही, घाटात लोड आला की कळतं.

एअर काढायची अशी. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना (गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं), गाडी चढावर तोंड वर करून लावा. हीटर फुल गरमवर. झाकण उघडून हळूहळू कूलंट ओता, चालू करून आयडलवर ठेवा आणि बघत बसा. बुडबुडे येतील, येऊ देत. वरचा जाडा पाइप हाताला बराच वेळ कोमटच लागतो आणि मग एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडला, तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो. त्यावेळी पाणी गपकन खाली जातं, तिथं परत भरायचं. फॅनला हात न लागता पाइप दोन-चार वेळा दाबा, थोडी रेस ठेवा, हीटरमधनं चटका बसणारं वारं आलं की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर परत लेव्हल बघा. काही इंजिनांना एअर काढायचा वेगळा स्क्रू असतो, असला तर काम सोपं.

आता बाटली. बाटली भरलेली आणि रेडिएटर खाली, हे झाकणाचं दुखणं असू शकतं. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात, मोठा दाब धरतो आणि छोटा गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेतो. छोटा अडकला किंवा बाटलीच्या बारक्या पाइपाला चीर असली की पाणी परत येत नाही. मोठा सैल असेल तर त्याहून वाईट, कारण साधं पाणी १०० ला उकळतं तेच ०.९ बार दाबाखाली ११८ च्या आसपास. रेडिएटर नवा घातला आणि झाकण जुनंच, असं लई बघितलंय. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच दाबाचं नवीन घ्या.

फॅन पण बघा. इलेक्ट्रिक असला तर वायरी उलट्या जोडल्यानं उलटा फिरत नाही ना, आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर परत बसवलंय का.

आणि कुणी "थर्मोस्टॅट काढून टाका, काय होत नाही" म्हणालं तर ऐकू नका. आपल्याकडं शेतातल्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री, तिथं पंपाचंच पाणी एकीकडनं आत आणि दुसरीकडनं बाहेर, थर्मोस्टॅटचं कौतुक कुणाला? पण काही गाड्यांत तो काढला की बायपास (रेडिएटर टाळून पाणी फिरवणारी वाट) उघडाच राहतो, गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

एवढं करूनही बुडबुडे थांबेनात, गार इंजिन चालू केल्या केल्या दोन मिनिटांत पाइप दगडासारखा कडक होतोय, किंवा ऑइल दुधाळ दिसतंय, तर मात्र गॅस्केटचाच संशय. तेव्हाही आधी रेडिएटरच्या तोंडावर गॅस टेस्ट करायला सांगा, निळं लिक्विड हिरवट किंवा पिवळं पडलं की आत जळका गॅस येतोय. मग हेड उतरवा, पण नुसतं नवीन गॅस्केट घालून बसवू देऊ नका, उद्यमनगरातल्या मशीन शॉपात नेऊन हेड वाकलंय का तपासून घ्या.