पंप किती सेंटिमीटरवर आहे हे नको, कुठल्या खोलीत आहे ते विचारा

ताई, तुमच्या बडोद्याच्या इस्पितळात इन्फ्यूजन पंप (शिरेतून औषध सोडणारे) आणि व्हीलचेअर ऐन वेळी सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जागा कळवणारे छोटे रेडिओ टॅग लावायचा विचार चाललाय. एक विक्रेता अल्ट्रा-वाइडबँड हे रेडिओ तंत्रच घ्या म्हणतोय, दुसरा म्हणतो ब्लूटूथवर भागेल, आणि व्यवस्थापनाला नर्सेसच्या गळ्यातही बॅज हवेत. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आणि इस्पितळांत ही यंत्रणा बसवायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्लूटूथ टॅगचा सिग्नल किती जोरात पोचतो, त्यावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. मध्ये कोणी उभं राहिलं की पंप जागचा न हलता नकाशावर लांब सरकतो. दोन ते पाच मीटरची चूक धरूनच चाला. अल्ट्रा-वाइडबँड सिग्नलला लागलेला वेळ मोजतं. लहर एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जाते, तेव्हा घड्याळं किती काटेकोर लागत असतील बघा. मोकळ्या जागेत 10 ते 30 सेंटिमीटरची अचूकता मिळते, पण अँकर, म्हणजे टॅगचा सिग्नल पकडणारी जागेवर बसवलेली यंत्रं, जास्त लागतात आणि खर्चही वाढतो.

खरी गोम भिंतीत आहे. पंप उभा असतो पलंगाच्या डोक्याशी, भिंतीला चिकटून, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्या खोलीतला पलंग. दीड मीटरची चूक झाली तरी नकाशा शेजारची खोली दाखवतो. नर्स तिथे जाते, पंप नसतो. असं दोनतीनदा झालं की ती नकाशा उघडतच नाही, सरळ वॉर्डबॉयला हाक मारते. म्हणून जिथे खोली चुकून चालणारच नाही तिथे इन्फ्रारेड किंवा अल्ट्रासाउंडची जोड घ्या. ते भिंतीपलीकडे जात नाहीत. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेने 1990च्या आसपास बॅज केले तेही इन्फ्रारेडचेच होते. फक्त टॅगवर चादर पडली की इन्फ्रारेड मुकं होतं.

गंमत म्हणजे दांडिया बाजारकडच्या जुन्या इमारतींतल्या जाड विटांच्या भिंती इथे फायद्याच्या. नव्या इस्पितळांतल्या जिप्समच्या पार्टिशनमधून सिग्नल आरपार जातो. तुमची इमारत कुठली आहे ते आधी बघा.

बसवणारी मंडळी रिसीव्हर फॉल्स सीलिंगच्या वर, एसीच्या पत्र्याच्या डक्टला लागून टाकून मोकळी होतात. खाली, उघड्यावर लावायला सांगा. व्हीलचेअरच्या धातूच्या नळीवर टॅग थेट चिकटवू नका, मध्ये प्लास्टिकचा जाड तुकडा हवा. पंप रोज जंतुनाशकाने पुसला जातो, त्यात चिकटपट्टी सुटते. केबल टाय बरा. टॅगला दर सेकंदाला ओरडायला लावलं तर बटणासारखा सीआर2032 सेल लवकर संपतो. हलल्यावरच वारंवार बोलणारा टॅग मागा.

तुमच्या आकाराच्या जागेसाठी मी ब्लूटूथच घेईन, आणि लिफ्टच्या दारांशी, रेडिओलॉजीच्या कॉरिडॉरमध्ये, जिन्याखालच्या कोपऱ्यात रिसीव्हर दाट लावीन. हरवलेली व्हीलचेअर बहुधा तिथेच निघते.

नर्सेसच्या बॅजबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: नको. कोण किती वेळ चहाला गेलं हे मोजायला लागलात की बॅज स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये राहतील आणि तुमचे आकडे खोटे होतील. रात्रपाळीला संकटाचं बटण म्हणून हवा असेल तर ठीक. पण माहिती कशासाठी आणि किती दिवस ठेवणार ते लेखी द्या. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुमच्या वकिलांना वाचायला लावा.

चाचणी रविवारी रिकाम्या मजल्यावर घेऊ देऊ नका. सकाळच्या ओपीडीत घ्या, जमलं तर उत्तरायणाला, मांज्याने कापलेले आणि गच्चीवरून पडलेले कॅज्युअल्टीत दाटतात तेव्हा. पंप तुम्ही स्वतः लपवा, विक्रेत्याला लपवू देऊ नका. आणि करारात मीटरचा आकडा नको. शंभर वेळा विचारलं तर किती वेळा खोली बरोबर आली, तेवढं लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्याला बांधा.