पिशवी उलटी आहे म्हणे!

शरीराबद्दल प्रश्न विचारणाऱ्या वाचकांच्या या वेळच्या पत्रांत 'खालची जागा', 'आतलं', 'ते' असे शब्द इतके आले, की एका बाईंचं दीड पानी पत्र वाचूनही दुखतंय नेमकं कुठे ते कळलं नाही. म्हणून उत्तरांत अवयवांची नावं सरळ घेतली आहेत. मोठ्याने वाचायला संकोच वाटला तर मनात वाचा.

सोनोग्राफीत माझी पिशवी, म्हणजे गर्भाशय, मागे झुकलेली निघाली. सासूबाई म्हणतात, उलट्या पिशवीत गर्भ टिकत नाही. लग्नाला आठ महिने झालेत. ऑपरेशन करून ती सरळ करून घ्यावी लागेल का? (वय 24, सातपूर)

नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर उपडी केलेली बाजाराची पिशवी आली असणार, म्हणजे आत टाकलेलं सांडणारच! तसं पाहिलं तर प्रत्येकीचंच गर्भाशय उपडं असतं. रुंद भाग वर आणि निमुळतं तोंड खाली, योनिमार्गात उघडणारं. आकार लहानशा पेरूएवढा, लांबी साधारण साडेसात सेंटीमीटर. भिंती जाड स्नायूंच्या, आणि आतली पोकळी एरवी मिटलेली. सांडायला तिथे जागाच नाही.

पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, आणि मधे गर्भाशय. बहुतेकींचं ते पुढे, लघवीच्या पिशवीवर ओणवलेलं असतं. साधारण पाचांतल्या एकीचं मागे कललेलं असतं. कुणी डावखुरं असतं, तसंच हे. दिवस गेले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वाढतावाढता ते आपोआप वर सरकतं. मात्र पाळीत असह्य दुखत असेल, किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्यामुळे, गर्भाशय मागे चिकटलेलं असू शकतं आणि त्याला उपचार लागतात.

आणि मुळात गर्भाची सुरुवात पिशवीत होतच नाही. ती होते गर्भनलिकेत. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना या दहा-बारा सेंटीमीटरच्या नळ्या, आणि त्यांच्या टोकांपाशी बदामाएवढे बीजांडकोश. गंमत म्हणजे नळी बीजांडकोशाला जोडलेलीच नसते. तिच्या टोकाला झालर असते. बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटलं की ही झालर ते आत ओढून घेते. बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र नळीत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे संबंध बीज सुटण्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत आले तर उपयोगाचे. बीज सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. तुमची पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तो दिवस एकविसावा, चौदावा नव्हे. या एका हिशेबात पुष्कळ जोडप्यांचे महिने वाया जातात.

आठ महिने हा काही उशीर नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर वाट पाहायची, मग दोघांची तपासणी. 'दोघांची' हा शब्द पुढच्या पत्रासाठी.

अंबडला फाउंड्रीत भट्टीवर आठ वर्षं काम करतो. दोन वर्षं प्रयत्न करूनही मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत, नळ्यांचा एक्स-रेसुद्धा झाला. उष्णतेने माझ्यात काही दोष आला असेल का? (वय 31)

नळ्यांत औषध सोडून काढलेल्या त्या एक्स-रेत तुमच्या बायकोला चांगलंच दुखलं असेल. तुमची तपासणी एका डबीत होते. ती आधी व्हायला हवी होती, पण तुम्ही विचारलंत तरी.

आपल्याकडे तोंड आलं तरी उष्णता आणि लघवीला जळजळलं तरी उष्णता. तुमच्या प्रश्नातली उष्णता मात्र थर्मामीटरने मोजायची आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर वृषण पोटाबाहेर, अंडकोशाच्या पिशवीत लोंबतात. ही पिशवी स्वतःचं तापमान सांभाळते. निफाडच्या डिसेंबरातल्या थंडीत ती आक्रसून वृषणांना अंगाशी घेते, मे महिन्यात सैल सोडते. रोज आठ तास भट्टीसमोर, वर जाड घट्ट पँट, तर तिची ही सोय तोकडी पडू शकते. पडतेच असं नाही. भट्टीवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना मुलं आहेत.

तेव्हा अंदाज नको, वीर्यतपासणी करा. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. घरून नमुना नेणार असाल तर तासाभरात लॅबमध्ये पोचवा. एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाखांपेक्षा कमी शुक्राणू असतील तर संख्या कमी मानतात. एका रिपोर्टवर खचू नका, तपासणी पुन्हा करायची असते. डॉक्टरांना उभं राहूनही तपासायला सांगा. वृषणाच्या वर फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, बहुधा डावीकडे असतात आणि आडवं झालं की लपतात.

संख्या कमी निघाली तर सुपरवायझरशी बोलून काही महिने भट्टीपासून दूरचं काम मागा. फरक लगेच दिसणार नाही. एक शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आजचा रिपोर्ट दिवाळीचा असेल, तर ती दिवाळीतली कमाई नव्हे, श्रावणातली.

दोन मुलं झाली. नसबंदी केली तर कांद्याच्या गोण्या उचलायची ताकद जाईल का? (वय 38, निफाड)

आठवडाभर उचलू नका, मग खुशाल उचला. नसबंदीत फक्त शुक्राणूंची नळी बांधतात. ताकद, दाढी-मिशी, इच्छा यांचं हार्मोन वृषणातून थेट रक्तात जातं, त्याला ही नळी लागतच नाही. वीर्यही येत राहतं, कारण त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथी बनवतात. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. मात्र आधीचे शुक्राणू वाटेत उरलेले असतात, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरा आणि तपासणीत शून्य आल्यावरच सोडा. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली. अजूनही ऑपरेशनला बायकोच पुढे होते, म्हणून तुमचं पत्र आवडलं.

मुलगी तेरा वर्षांची आहे, कबड्डी खेळते. आजी म्हणते पडदा फाटेल. (गंगापूर रोड)

खेळू द्या. योनिमार्गाच्या तोंडाशी असलेली ही पातळ घडी बहुतेक मुलींत आधीपासूनच उघडी असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं येईल? तिच्यावरून कौमार्य ठरत नाही, कुठल्याही डॉक्टरला ठरवता येत नाही.

पंधरा वर्षांच्या मुलाला परवा रात्री एका बाजूच्या अंडाशयात एकदम कळ आली, उलटी झाली. सकाळपर्यंत दुखणं थांबलं. लाजेने त्याने आम्हाला उशिरा सांगितलं. आता दाखवायला हवं का? (सुरगाणा)

आधी शब्द: मुलाला असतात ते वृषण. आणि हो, दाखवायला हवं, आजच. वृषण आपल्या देठावर पिळला गेला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. काही वेळा तो पीळ आपोआप सुटतो आणि कळ थांबते, तुमच्याकडे बहुधा तेच झालं असावं. पण तो पुन्हा पडू शकतो. दुखणं थांबलं ते वृषण निकामी झाल्यामुळे नाही ना, हेही सोनोग्राफीत बघायला हवं. पुन्हा अशी कळ आली तर सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं. सुरगाण्याहून नाशिकला यायलाच दोन-अडीच तास जातात, तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. शेक नको, मालीश नको. आणि हे त्याला आत्ताच सांगून ठेवा, वृषण हा शब्द उच्चारून.