नायलॉन तारांची गिटार निवडताना

चिरंजीव विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पाच वर्षे स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार वाजवल्यावर आता नायलॉन तारांची गिटार घ्यायचे तू ठरवले आहेस, आणि पारंपरिक क्लासिकल गिटारचा नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, ‘फार रुंद’ असतो असे सांगून दुकानदाराने तुला क्रॉसओव्हर, म्हणजे नायलॉन तारांचीच पण अरुंद नेकची गिटार सुचवली आहे. त्याचे सांगणे खोटे नाही. मात्र ती रुंदी अडचणीची की सोयीची, हे तू काय वाजवणार यावर अवलंबून आहे, आणि तेवढे त्याने तुला विचारलेले दिसत नाही.

तुझ्या सध्याच्या गिटारचा नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, साधारण 43 मिलिमीटर रुंद असेल. पारंपरिक क्लासिकलचा 52 असतो आणि क्रॉसओव्हरचा बहुधा 48. हे शेवटचे चार मिलिमीटर तारांमधल्या पाच फटींत वाटले, तर एकेका फटीच्या वाट्याला एक मिलिमीटरसुद्धा येत नाही. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण खालचा स्वर मोकळ्या तारेवर गुंजत ठेवून तिच्या शेजारच्याच तारेवर चाल वाजवायची वेळ येते, तेव्हा बोटाचे टोक जरा जरी कलले तरी ती मोकळी तार मुकी होते, आणि त्या क्षणी तो पाऊण मिलिमीटर किती मोठा असतो ते कळते. क्लासिकल रचनांमध्ये असे प्रसंग पानोपानी येतात. उलट कॉर्ड धरून गाण्याला साथ करताना याचा फारसा त्रास होत नाही, आणि क्रॉसओव्हरच्या फिंगरबोर्डला (नेकच्या ज्या पृष्ठभागावर बोटे दाबतात त्याला) सहसा किंचित बाक दिलेला असल्यामुळे सगळ्या तारांवर आडवे बोट ठेवणे थोडे सोपेच जाते.

बॉडीतला फरक मला नेकच्या रुंदीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि गिऱ्हाइकांचे त्याकडे क्वचितच लक्ष जाते. आज आपण जिला क्लासिकल म्हणतो तिचा घाट स्पेनमधल्या आल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांच्या हातून स्थिरावला: मोठी बॉडी, तारेची सुमारे 650 मिलिमीटर लांबी, आणि पुढच्या पातळ फळीला आतून आधार देणाऱ्या, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्या. (तारा मात्र तेव्हा आतड्याच्या होत्या; नायलॉनच्या तारा 1940 च्या दशकात आल्या, आणि त्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविया व न्यूयॉर्कचे गिटार-कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांचा मोठा वाटा होता.) या घाटात नेक बॉडीला बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मिळतो, त्यामुळे ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोके बांधायची पट्टी, फळीच्या रुंद भागात, जिथे ती मोकळेपणाने थरथरू शकते तिथे येतो. नेक चौदाव्या फ्रेटपाशी जोडला, की तारेची लांबी तीच राहिल्याने ब्रिज साउंडहोलच्या, म्हणजे फळीतल्या गोल भोकाच्या दिशेने सरकतो. अनेक क्रॉसओव्हरमध्ये असे केलेले असते, शिवाय बॉडीची जाडीही कमी केलेली असते. वरचे फ्रेट हाताशी येतात खरे, पण माइकशिवाय वाजवताना खर्जाचा भरीवपणा कमी होतो.

मंचावर हाच उणेपणा गुण ठरतो. ड्रम आणि कीबोर्डच्या शेजारी भरदार बॉडीची गिटार घेऊन बसलास आणि साउंडवाल्याने आवाज चढवला, की स्पीकर शिट्टी मारू लागतो; पातळ बॉडीत हा धोका बराच कमी होतो. याच अडचणीमुळे 1982 मध्ये गिब्सन कंपनीने अमेरिकन गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाने नायलॉन तारांची चक्क सॉलिड, म्हणजे भरीव बॉडीची गिटार बाजारात आणली. एका कार्यक्रमात इलेक्ट्रिक आणि नायलॉन आलटून पालटून वाजवणाऱ्याला क्रॉसओव्हर घे असेच मी सांगेन. जॅझ किंवा ब्राझीलचे बोसा नोव्हा संगीत वाजवायचे म्हणून ती हवीच, हे मात्र मला पटत नाही. अमेरिकेचे चार्ली बर्ड आणि ब्राझीलचे जुआंव जिल्बेर्तो या गिटारवादकांनी ते संगीत रुंद नेकच्या साध्या क्लासिकल गिटारवरच वाजवले.

रुंद नेकची तक्रार पुष्कळदा बैठकीतून येते. स्टीलची गिटार उजव्या मांडीवर घेऊन अंगठा नेकवरून पुढे काढायची तुला सवय आहे, आणि 52 मिलिमीटरच्या नेकवर ती सवय हात दुखवणारच. डावा पाय उंच करून गिटार त्या मांडीवर घेतली, नेक तिरपा वर नेला आणि अंगठा मागे ठेवला, की तीच रुंदी महिन्याभरात अंगवळणी पडते. फूटस्टूल परवडत नव्हते तेव्हा मी दोन वर्षे स्वयंपाकघरातला पाट पायाखाली घेत असे, आणि जेवायच्या वेळी आईला तो परत द्यावा लागे.

ग्रेड परीक्षांचा अभ्यास करायचा आणि अधूनमधून भावगीतांना साथ करायची, असे तू लिहिले आहेस. या क्रमाने लिहिले असशील, तर 52 मिलिमीटरची पारंपरिक गिटारच घे. त्याच किमतीत पिकअपचा (गिटारचा आवाज थेट स्पीकरकडे पाठवणाऱ्या उपकरणाचा) खर्च वाचतो आणि पुढची फळी प्लायवुडऐवजी अखंड लाकडाची मिळण्याची शक्यता वाढते. छोट्या बैठकीत समोर एक माइक ठेवला तरी साथीपुरते भागते. पिकअप हवाच असेल, तर दुकानात यामाहाच्या एनसीएक्स आणि एनटीएक्स या दोन गिटार शेजारी ठेवून वाजवून पाहा. पहिलीचा नेक 52 मिलिमीटरचा आहे आणि तो बाराव्या फ्रेटपाशी जोडलेला आहे, तर दुसरीचा 48 मिलिमीटरचा आणि चौदाव्या फ्रेटपाशी. कंपनी एकच असल्यामुळे मी वर लिहिलेला घडणीतला फरक तुला नेमका ऐकू येईल.

नेकच्या टोकाशी डोळा लावून तो सरळ आहे का ते पाहा, कारण पारंपरिक गिटारमध्ये बहुधा ट्रस रॉड (नेकचा बाक दुरुस्त करायची आतली धातूची सळई) नसतो आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते. घरी आणल्यावर उत्सुकतेपोटीसुद्धा तिला स्टीलच्या तारा चढवू नकोस. त्यांचा ताण कितीतरी जास्त असतो आणि ब्रिज उखडून येतो. आणि दुकानात जायच्या आधी उजव्या हाताची नखे कापू नकोस; ती थोडी वाढलेली असतील तरच या गिटारचा खरा आवाज तुला तिथे ऐकू येईल.

तुझे,
सर