एमआरआय नॉर्मल आला, मग आईला ऐकू का येत नाही? आतला कान नीट दिसेल असं एखादं मशीन नाही का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 68, दोन्ही कानांनी गेल्या काही वर्षांत हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं, डॉक्टर म्हणाले ‘कानाची नस कमजोर झाली’, आणि एमआरआयमध्ये मात्र काहीच निघालं नाही. आता एक नातेवाईक सांगतायत की मोठ्या मशीनवर परत करून घ्या.

परत करू नका. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. स्कॅन वाचणं हे रेडिओलॉजिस्टचं काम, पण फिल्मचं पाकीट टेबलावर ठेवून ‘यात तर सगळं ठीक आहे म्हणतात’ असं सांगणारी माणसं माझ्यासमोर नेहमीच बसलेली असतात. रिपोर्टही खरा असतो आणि त्यांची तक्रारही खरी असते.

कारण साध्या हिशेबात आहे. आतल्या कानातला ऐकण्याचा भाग म्हणजे कॉक्लिया. मटारच्या दाण्याएवढा. त्यातली अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी उलगडली तर सुमारे 35 मिलिमीटर भरते. एवढ्या लांबीत हेअर सेल नावाच्या पेशींची आतली एक ओळ असते, त्यात साधारण 3,500 पेशी. बाहेरच्या बाजूला तीन ओळी, त्यांत मिळून साधारण 12,000. आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं ते इथे. आता भागाकार करा: एका मिलिमीटरला आतल्या 100 आणि बाहेरच्या 340च्या आसपास. कानाच्या चांगल्या एमआरआयमधला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे एकेका ठिपक्यात दोनशेच्या वर पेशी. त्या सगळ्या मेल्या तरी चित्र बदलत नाही, कारण एमआरआयला तिथे मुख्यतः दिसतं ते नळीत भरलेलं पाणी, आणि ते जागेवरच असतं.

मग एमआरआय सांगतात कशाला? श्रवणनसेवर गाठ आहे का, नस मुळात आहे का, हे बघायला. जन्मतः बहिऱ्या काही मुलांमध्ये ती फार बारीक असते किंवा नसतेच. सीटी हाड दाखवतो: कॉक्लियाची घडण अर्धवट राहिली आहे का (इटलीच्या मोंदिनींनी 1791 मध्ये वर्णन केलेली विकृती आजही त्यांच्याच नावाने रिपोर्टमध्ये येते), मेनिंजायटिसनंतर (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गानंतर) नळीत हाड भरू लागलंय का. हे शेवटचं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची (नळीत विजेची तार घालून नसेला थेट संदेश देणाऱ्या यंत्राची) घाई करावी लागते, कारण एकदा नळी बुजली की इलेक्ट्रोड आत सरकत नाही. आईंच्या बाबतीत गाठ नाही एवढं कळलं. तो खर्च वाया गेला नाही.

तुकडा काढून तपासता येत नाही का, हा पुढचा प्रश्न मला हमखास येतो. यकृताचा, किडनीचा काढतात, कानाचा नाही. कॉक्लिया शरीरातल्या सगळ्यात कठीण हाडात बंद आहे, आणि आतल्या दोन द्रवांची रसायनं वेगवेगळी आहेत. त्यांच्यातल्या फरकावर सुमारे 80 मिलिव्होल्टचा विजेचा दाब टिकून असतो आणि ऐकणं त्यावरच चालतं. सुई टोचली की तो जातो आणि उरलंसुरलं ऐकूही जाऊ शकतं.

म्हणून माणसाच्या आतल्या कानाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच मृतांकडून आलंय. शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कॉक्लियावर चांदीची बारीक पूड टाकून आतला पडदा कसा हलतो ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. 1961चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. अमेरिकेत बोस्टनसारख्या ठिकाणी मृत्यूनंतर दान केलेली कानाची हाडं जपून ठेवली आहेत. मृत्यूनंतर काही तासांतच या पेशी बिघडू लागतात, म्हणून हाड लवकर काढून रसायनात ठेवायचं. मग त्यातलं कॅल्शियम हळूहळू काढायचं आणि पातळ काप करायचे. एक कान काचपट्टीवर यायला वर्षभर किंवा जास्तही लागतं. चिकाटीचं काम आहे आणि फारसं कुणाला दिसत नाही.

पण तुमच्या आईंशी थेट संबंध असलेलं उत्तर तिथूनच आलं. म्हातारपणी ऐकू कमी येण्याचं मोठं कारण म्हणजे कॉक्लियाला वीज पुरवणारा थर (स्ट्रिया) सुकणं, असं बरीच वर्षं मानलं जाई. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये तसं दिसायचं. 2020 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अशाच 120 कानांचे काप त्या माणसांच्या हयातीतल्या ऑडिओग्रामशी (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाशी) ताडून पाहिले. हेअर सेल किती गेल्या त्यावरून ऐकणं किती गेलं हे जुळत होतं, स्ट्रियाच्या झिजेवरून जुळत नव्हतं. शिवाय माणसातली हानी प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या प्राण्यांपेक्षा खूप जास्त होती. ते प्राणी शांततेत वाढतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर कोणी त्यांना उभं करत नाही. म्हणजे ‘वयामुळे’ म्हणतो त्यातला बराच वाटा आवाजाचा असू शकतो. आणि डॉक्टर ‘नस’ म्हणाले तरी आईंचा दोष बहुधा नसेच्या अलीकडे, या पेशींत आहे.

जिवंत माणसाच्या आतल्या कानात डोकावण्यात एक मोठं यश मात्र आलं आहे, आणि मला ते फार आवडतं. मेनिएर या आजारात चक्कर येते, कानात आवाज येतो, ऐकू कमी-जास्त होतं. प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये याचा उगम आतल्या कानात आहे असं सांगितलं. तिथला द्रव फुगतो हे 1938 मध्ये लंडन आणि जपानमधल्या डॉक्टरांनी मृतांच्या कानात पाहिलं. जिवंत रुग्णात तेच दिसायला 2007 उजाडलं. जपानच्या नागोयामध्ये डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून पातळ केलेलं गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारं औषध) सोडलं, एक दिवस थांबले आणि 3 टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर एमआरआय काढला. औषध एका द्रवात उतरतं, दुसऱ्यात नाही, म्हणून त्या दुसऱ्या द्रवाची फुगलेली पिशवी काळी उठून दिसते. आता तेच औषध शिरेतून देऊन सुमारे चार तासांनी स्कॅन करतात. मशीन नेहमीचंच, फक्त थांबायचं किती ते कळलं.

पेशी दिसेपर्यंतची मजल अजून हाडांच्या नमुन्यांवरच आहे. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवणारं, इंदूरला ‘इंडस-2’ आहे तसलं यंत्र. कॅनडाच्या सिंक्रोट्रॉनमधल्या क्ष-किरणांनी माणसाचं अख्खं हाड न कापता, कॅल्शियम न काढता आतली पेशींची रचना त्रिमितीत टिपली गेली. तो निबंध 2018चा. पण ते रेडिएशन जिवंत माणसाला देता येणार नाही. दुसरी वाट प्रकाशाची: डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याची ओसीटी (प्रकाशाने आतले थर दाखवणारी तपासणी) करतात, तिचाच अधिक बारीक प्रकार. प्राण्यांच्या कॉक्लियात त्याने मायक्रॉनच्या पातळीवरचं दिसतं. अडचण एवढीच की हाडातून प्रकाश नीट जात नाही, म्हणून कॉक्लियाच्या ‘राउंड विंडो’ या छोट्या खिडकीच्या नाजूक पडद्यातून बघण्याचे प्रयत्न चालू आहेत.

एवढा खटाटोप निव्वळ कुतूहलापोटी नाही. एफएक्स-322 नावाचं हेअर सेल नव्याने वाढवण्यासाठीचं औषध 2023 मध्ये चाचणीत अपयशी ठरलं. माझ्या मते, कोणाच्या कानात नेमकं काय मेलंय हे दिसत नसताना अशा चाचण्या अंधारातच होतात. उलट ओटोफर्लिन या जनुकातल्या दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जीन थेरपीनंतर ऐकू येऊ लागलं, त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. त्या मुलांच्या हेअर सेल जागेवर असतात, फक्त पुढे संदेश सोडत नाहीत. तिथे काय बिघडलंय हे आधीच ठाऊक होतं.

आमच्याकडे आज आहे ती ऐकून ओळखण्याची युक्ती. 1978 मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान स्वतःही बारीक आवाज बाहेर टाकतो. नवजात बाळांच्या कानात छोटा प्रोब घालून करतात ती ओएई चाचणी हीच. आवाज आला तर बाहेरच्या हेअर सेल चालू. नाही आला तर त्या चालत नाहीत एवढंच कळतं. मेल्या की नुसत्या बिघडल्या, हे नाही. आईंच्या वयात तो बहुधा येणारच नाही.

तेव्हा मोठ्या मशीनचे पैसे वाचवा. त्यांचा शुद्ध स्वरांचा ऑडिओग्राम आणि शब्द किती समजतात ती चाचणी, दोन्ही करून घ्या. श्रवणयंत्राचा किती उपयोग होईल याचा अंदाज दुसरीवरून येतो. ‘नस पुन्हा जिवंत करणारे’ थेंब मोबाईलवर विकतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि एखाद्या सकाळी एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे न्या. स्टिरॉइड लवकर सुरू झालं तर ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते.