वाचकांचे प्रश्न : शिबिरातले फोटो आणि परवानगी

प्रश्न : आमचा क्लब दरवर्षी मोफत मोतीबिंदू तपासणी शिबिर घेतो. नोंदणीच्या अर्जातच 'फोटो काढण्यास हरकत नाही' असं छापून सही घेतो. एवढं पुरतं का?
– क्लब सचिव, सांगली जिल्हा

उत्तर : पुरत नाही. नोंदणीच्या टेबलाशी उभ्या आजींना वाटतं, सही केली नाही तर डोळे तपासायचे नाहीत. अशा सहीला संमती म्हणता येत नाही. फोटोचा अर्ज वेगळा ठेवा. कॅमेरा उचलण्याआधी तोंडी विचारा आणि छापण्यासाठीची लेखी संमती तपासणी आटोपल्यावर, शक्यतो नोंदणीला नसलेल्या स्वयंसेवकाकडून घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले असतील तर काही तास जवळचं अंधुक दिसतं. तेव्हा कागद पुढे सरकवून 'इथे सही करा' म्हणणं म्हणजे फसवणूकच. अर्ज वाचून दाखवा. अंगठा घेतलात तर वाचून दाखवणाऱ्यानेही खाली सही करावी.

अर्ज अर्ध्या पानाचा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत हवा. त्यात तीन वेगळ्या चौकटी असाव्यात : क्लबचा अहवाल, वर्तमानपत्र, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप. चौकटींत आधीच खुणा करून ठेवू नका. अहवालाला 'हो' म्हणणारे पुष्कळ जण फेसबुकला 'नको' म्हणतात. अर्जाचा क्रमांक फोटोच्या फाइलच्या नावात घाला. नाहीतर दोन वर्षांनी नवे पदाधिकारी तोच फोटो फ्लेक्सवर लावतात आणि कोणाची संमती कशाला होती, ते कोणालाच सांगता येत नाही. अर्ज नसलेले फोटो त्याच संध्याकाळी पुसा.

आणखी एक. बाकावर बसलेल्यांच्या हातात केसपेपर असतो. त्यावर नाव, वय, मोबाइल नंबर, कधी आधार क्रमांकही. फोटो मोठा केला की सगळं वाचता येतं. फोनमधल्या हायलायटरने खोडू नका. तो पट्टा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की आकडे वर येतात. तेवढा भाग कापूनच टाका.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत वह्या वाटल्या. मुख्याध्यापकांनी फोटोला परवानगी दिली होती, तरी एका पालकाने आक्षेप घेतला. चूक कोणाची?
– प्रकल्पप्रमुख, नाशिक

उत्तर : तुमची. मुख्याध्यापक शाळेच्या आवारात कार्यक्रम करू देऊ शकतात, मुलाच्या चेहऱ्याबद्दलचा होकार पालकांचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. पण सवय आताच लावा : जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्गशिक्षकांमार्फत पालकांना अर्ज पाठवा.

नकार आलेल्या मुलांना रांगेतून बाजूला काढू नका, गळ्यात वेगळ्या रंगाची पट्टीही नको. सगळा वर्ग त्या मुलाकडे बघत राहतो. यादी वर्गशिक्षकांकडे असू द्या आणि अशा वर्गाचा फोटो मागच्या बाकांकडून घ्या : पाठी, फळा, बाकांवरच्या वह्यांचे गठ्ठे. देणगीदाराचा हट्ट असतो, चेहरा दिसलाच पाहिजे म्हणून. त्याला वह्यांची संख्या आणि शाळेच्या शिक्क्याची पोच द्या. हिशेबाला तीच लागते. चेहऱ्यासोबत मुलाचं नाव, शाळा आणि गाव हे तिन्ही कधीही छापू नका.

प्रश्न : दिवाळीत बालगृहात फराळ नेतो. मुलांच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकून फोटो दिले तर चालेल?
– सदस्या, महिला क्लब

उत्तर : अजिबात नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी परवानगी फक्त चौकशी करणारं मंडळ किंवा बाल कल्याण समिती देऊ शकते, तीही मुलाच्या हितासाठी असेल तरच. अधीक्षकांचा होकार कामाचा नाही. पट्टीने डोळे झाकतात, पण चेहऱ्याची ठेवण आणि अंगातला शर्ट ओळखीच्यांना पुरतात. फराळाच्या डब्यांचा फोटो घ्या, तोही मुलं जेवायला बसण्यापूर्वी.

प्रश्न : शिलाई मशीन मिळालेल्या एका ताईंनी आठ महिन्यांनी फोटो काढून टाका म्हटलं. कारण विचारावं का?
– जनसंपर्क प्रमुख, कोल्हापूर

उत्तर : विचारू नका, काढा. फेसबुक आणि संकेतस्थळावरून त्याच दिवशी. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर्वांसाठी हटवा' ची मुदत सुमारे अडीच दिवसांचीच असल्याने ग्रुपमध्ये संदेश टाकून सदस्यांना पुसायला सांगा. ज्यांच्या फोनमधून गुगल फोटोजवर आपोआप बॅकअप होतो, त्यांनी तिथली कचरापेटीही रिकामी करावी. त्यात फोटो ६० दिवस राहतो. छापलेला अंक परत घेता येत नाही, हे संमतीच्या अर्जातच एका ओळीत लिहून ठेवा.