पिल्लू एकटं राहीना, काय करू?

प्रश्न : नमस्कार. आमचा भुऱ्या साडेतीन महिन्यांचा आहे, साधं आपलं गावठी पिल्लू. पावसात पार्किंगमध्ये गाडीखाली कुडकुडत सापडला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. दोन महिने मी आणि नवरा दोघंही घरून काम करत होतो त्यामुळे तो कायम पायात. आता आठवड्यातले तीन दिवस दोघांनाही हिंजवडीला जावं लागतंय, सकाळी नऊला निघतो ते यायला साडेसहा. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकांचा फोन आला की दोन तास झाले रडतोय. घरी आलो तर दाराची चौकट कुरतडलेली, सोफ्यावर सू. जाताना फिरवून आणलं होतं, टीव्ही पण चालू ठेवला होता. मी ओरडले तर मान खाली घालून सोफ्याखाली गेला, म्हणजे कळतं ना त्याला आपलं चुकलं ते? सासूबाई म्हणतात रडू दे चार दिवस, होईल सवय. काका सोसायटीत तक्रार करणार म्हणतायत. काय करू?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : ताई, सासूबाई चांगल्या मनानेच सांगतायत पण यात त्यांचं ऐकू नका. भुऱ्या हट्ट करत नाहीये, तो घाबरलाय. पिल्लू जन्मल्यापासून आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात झोपतं, आई दिसेनाशी झाली की कुईकुई करायचं आणि तिने धावत यायचं, एवढंच त्याला येतं. तुम्ही गेलात की तो तेच करतोय आणि कुणी येत नाहीये. चार दिवस रडून तो गप्प झालाच तर बहुतेक दमून होईल, भीती आत तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी तुम्ही नुसती पर्स उचलली तरी त्याला धाप लागते.

आता ते मान खाली घालणं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी १४ पाळीव कुत्र्यांवर याचाच प्रयोग केला होता. समोर खाऊ ठेवायचा, मालकाने 'खायचा नाही' सांगून बाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं तर कधी खोटंच सांगायचं की कुत्र्याने खाल्ला. तो 'अपराधी' चेहरा मालक रागावला की दिसायचा, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो की नसो, उलट ज्याने खाल्लाच नव्हता त्याला ओरडा बसला तर तो जास्तच दिसायचा. भुऱ्याला सोफा आणि तुमचा राग यांचा काही संबंध लागलेला नाही. त्याला एवढंच कळलं की दिवसभर भीती वाटते आणि शेवटी ताई येते ती पण चिडलेली. म्हणून ओरडणं आजपासून बंद, सू गुपचूप पुसा. फक्त फिनाईलने पुसू नका, सूचा वास राहतो आणि तो परत तिथेच करतो, पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा.

दुसरी गोष्ट ऐकायला जड जाईल. साडेनऊ तास हा वेळच या वयाला झेपणारा नाही, कितीही ट्रेनिंग दिलं तरी. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय, त्यात एक मिळवायचा, साधारण तेवढे तास पिल्लू सू धरून ठेवू शकतं, म्हणजे भुऱ्याचे फार तर साडेचार. त्यामुळे पुढचे काही महिने मधे कुणीतरी यायलाच हवं. तुम्ही दोघांनी ऑफिसचे दिवस वेगवेगळे मागून बघा, कामाच्या मावशींना सकाळऐवजी दुपारी बोलवा आणि वर थोडे पैसे द्या, बिल्डिंगमधला कुत्र्यांची आवड असलेला एखादा कॉलेजचा मुलगा बघा. डे-केअर चालेल पण लसींचा कोर्स पूर्ण झाल्यावरच, पार्व्हो फार वाईट आजार आहे, त्यात धोका नको.

आता शिकवायचं कसं ते. एकटं राहणं सेकंदांपासून शिकवावं लागतं. आधी घरातल्या घरात सुरुवात करा, तुम्ही स्वयंपाकघरात आणि तो बेबी गेटच्या पलीकडे, दिसताय पण हात लागत नाहीये. मग बाथरूमला जाताना दार लावा, त्याला मागे मागे आत घेऊ नका. हे जमलं की मेन डोअर. बाहेर जा, कडी लावा, दोन सेकंदांत आत या. काही बोलायचं नाही, लाड नाही, 'शोना मी आले' नाही, जणू काही झालंच नाही. असं पाच-सहा वेळा, मग पाच सेकंद, मग दहा, मग परत तीन, मग वीस, सारखं वाढवत गेलात तर त्याला कळतं की आता दरवेळी जास्तच होणार आणि तो आधीच ताणात येतो. तो रडायच्या आत तुम्ही परत आलेले असायला हवं, सगळा खेळ तेवढ्यावर आहे. रडलाच तर तुम्ही घाई केलीत एवढाच त्याचा अर्थ, दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळावर या. पहिला अर्धा तास सगळ्यात अवघड जातो, तो शांतपणे पार पडला की पुढे वेळ भराभर वाढवता येतो.

आणि किल्ल्या! आमची चिंगी छोटी असताना किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की तिचे कान मागे जायचे. मग मी महिनाभर दिवसातून दहादा किल्ल्या उचलून सोफ्यावर बसून चहा प्यायचे, चपला घालून भाजी निवडायचे, ओढणी घेऊन टीव्ही बघायचे, घरच्यांना वाटलं हिचं काहीतरी बिघडलंय. पण हळूहळू चिंगीने डोकं वर करून बघायचंसुद्धा सोडून दिलं.

एक जुना फोन शोधा आणि तो व्हिडिओ कॉलवर लावून दाराकडे तोंड करून ठेवा. हे मी कळकळीने सांगतेय कारण मी स्वतः ते उशिरा केलं. घरी आल्यावर दारापाशी फरशी ओली दिसायची, मला वाटायचं पाण्याचं भांडं सांडलं असेल. फोन लावला तेव्हा दिसलं, चिंगी दाराखालच्या फटीला नाक लावून बसली होती, तोंडातून लाळेची तार लागलेली, चाळीस मिनिटं जागची हलली नाही आणि एकदाही भुंकली नाही. शेजारी म्हणायचे किती गुणी आहे, आवाज पण नाही. त्या दिवशी मी खूप रडले.

निघायच्या अर्धा तास आधी त्याला फिरवा, पण बॉल टाकून दमवू नका, निवांत हुंगू द्या, त्याने डोकं दमतं आणि झोप येते. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, तुमच्या जाण्याची वेळ त्याच्या झोपेला जोडून घ्या. तुमचा न धुतलेला टीशर्ट त्याच्या गोधडीत ठेवा. लिक मॅटवर, म्हणजे चाटून खायच्या खाचांच्या रबरी चटईवर, बिनमिठाचा दहीभात नाहीतर उकडलेला भोपळा थापून फ्रीझरमध्ये ठेवला की बराच वेळ चाटत बसतो, आणि आता त्याचे दात येतायत त्यामुळे गार गार बरंही वाटतं. बेदाणे, द्राक्षं, कांदा, चॉकलेट अजिबात नको, आणि पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचा, कुत्र्यांना ते विष आहे. खाऊ समोर असूनही तो तोंड लावत नसेल तर समजा भीती खूप आहे. बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत कोंडू नका. पिंजरा आणलात तर तुम्ही घरात असतानाच महिनाभर दार उघडं ठेवून सवय करा, घाबरलेल्या पिल्लाला त्यात बंद केलं तर दात आणि नखं मोडेपर्यंत झटापट करतं.

काकांकडे भुऱ्याला घेऊन जा, जमलं तर आजच. प्लॅन सांगा, नंबर द्या. पाळीव कुत्र्यावर सोसायटी बंदी घालू शकत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात आहे, पण तो कागद काकांपुढे नाचवू नका. दोन तास रडणं त्यांनीही ऐकलंय, त्यांनाही त्रास झालाच आहे.

दीड-दोन महिने नेटाने करूनही फरक नसेल, नाहीतर तो स्वतःला जखमा करून घेत असेल तर थांबू नका, व्हेटकडे जा. यावर क्लोमिप्रामिन, फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आहेत आणि ट्रेनिंगच्या जोडीला ती दिली तर चांगला उपयोग होतो. घरातली माणसांची झोपेची गोळी मात्र चुकूनही नाही.

प्रश्न : आमची पिल्ली पण एकटी राहत नाही. सोबतीला दुसरं पिल्लू आणलं तर?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : यासाठी म्हणून नका आणू. तिला माणूस हवंय, बरेचदा दुसरं कुत्रं शेजारी असूनही पहिलं दाराशीच रडत बसतं, आणि मग दुसरं पण त्याचं बघून शिकतं. शेजारचं शांत, मोठं कुत्रं दोन तास तिच्याबरोबर ठेवून बघा, तुम्ही बाहेर जा आणि फोनवर पाहत राहा. तरीही ती दाराशीच बसली तर दुसऱ्याचा विचार आत्ता सोडा आणि वर भुऱ्याला सांगितलंय ते दोन सेकंदांपासून सुरू करा.