आधी पेटीवर नाव लाव

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जर्मनीतल्या आखेनला प्रवेश मिळाल्याचे कळवणारे तुझे पत्र पोहोचले. सोबतच्या सामानाच्या यादीत कुकर आहे, गोडा मसाला आहे, तीन स्वेटर आहेत. राहण्याच्या जागेविषयी मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ एवढेच लिहिले आहेस. म्हणून बाकीचे सारे बाजूला ठेवून पत्त्याविषयीच लिहितो.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात नाव नोंदवावे लागते. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. तिच्यासाठी तू तिथे राहायला आलास असा घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो, निवास परवान्याचे काम पुढे सरकते, आणि निघण्यापूर्वी ‘श्पेरकोंटो’त, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या बँकखात्यात, अडकवून ठेवलेले वर्षाचे ११,९०४ युरो दरमहा ९९२ या हिशेबाने सुटू लागण्यासाठीही अनेकदा हाच कागद मागतात. तेव्हा ‘इथे नोंदणी करता येणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर भाडे कितीही कमी असो, त्या खोलीत बस्तान मांडू नकोस. खोली दाखवण्याआधी अनामत पाठव म्हणणाऱ्याला तर उत्तरही देऊ नकोस. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’पेक्षा, म्हणजे मूळ भाड्यापेक्षा, जास्त घेता येत नाही. वसतिगृहासाठी श्टुडीरेंडनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज मात्र आजच कर, कारण तिथली प्रतीक्षायादी लांबलचक असते.

आता माझा गाढवपणा सांगतो. नोंदणी करून मी निश्चिंत झालो, पण इमारतीच्या दारातल्या टपालपेटीवर नाव लावले नाही. तिथल्या बहुतेक इमारतींत खोल्यांना आपल्यासारखे क्रमांक नसतात. पोस्टमन आडनाव वाचून टपाल टाकतो आणि आडनाव सापडले नाही तर परत पाठवतो. बँकेचे कार्ड एका लखोट्यात आणि त्याचा पिन दुसऱ्या लखोट्यात निघाला होता. दोन्ही आल्या वाटेने परत गेले, आणि मी रोज सकाळी आधीच्या भाडेकरूच्या नावाची पेटी उघडून तिच्यात डोकावत राहिलो. चूक उमगली तेव्हा बसच्या तिकिटाच्या पाठीमागे आडनाव लिहून, बॅगेवरची चिकटपट्टी सोलून ते लावले. तू किल्ली हाती येईल त्याच दिवशी पेटीवर आणि घंटीवर पासपोर्टातले आडनाव लाव. कोणाच्या घरात पोटभाड्याने राहत असशील, तर पत्त्यात त्या घरमालकाचे आडनावही घालायला सांग.

पेटीत येणाऱ्या पत्रांपैकी एक आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या वर्गणीचे असेल. ती घरटी महिना १८.३६ युरो असते, माणशी नव्हे, त्यामुळे सहनिवासी मिळून ती वाटून घेतात. घरात टीव्ही नाही म्हणून ते पत्र टोपलीत टाकू नकोस.

तू घरी नसताना पार्सल आले, तर ते बहुधा शेजाऱ्याकडे ठेवून पेटीत चिठ्ठी टाकली जाते. ती घेऊन संध्याकाळी जावे, रात्री दहानंतर नव्हे, आणि ‘फ्राउ’ (श्रीमती) किंवा ‘हेर’ (श्रीयुत) लावून आडनावाने संबोधावे. माझी त्या इमारतीतली पहिली ओळख अशीच झाली. आईने मेतकूट आणि भाजणी पांढऱ्या कापडात शिवून, टाक्यांवर लाख लावून पाठवली होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ते पार्सल माझ्या हाती देण्याआधी टाक्यांवरून बोट फिरवले आणि काहीतरी विचारले. मला त्यातला ‘कोणी’ एवढाच शब्द कळला, म्हणून ‘आईने’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी उतरलो तेव्हा पेटीवरचे बसचे तिकीट निघाले होते आणि त्या जागी आजींच्या वळणदार अक्षरात माझ्या आडनावाची पट्टी लावलेली होती.

कळावे, लोभ असावा.
तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही